भैरूचे नाक आणि दोन भूलपत्रके: एका पशुरुग्णालयातील नर्व्ह ब्लॉक सेवेचे परीक्षण

एकाच कुत्र्याच्या नाकाची दुर्बिणीतून तपासणी दोनदा करवून घेण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. आमच्यावर ती आली आणि म्हणूनच हे परीक्षण लिहिता येत आहे. कुत्रा तोच, नाक तेच आणि पाच आठवड्यांच्या अंतराने दोन निरनिराळ्या रुग्णालयांत झालेली तपासणीही तीच. पहिल्या ठिकाणी भैरूला फक्त श्वासावाटे देण्याची भूल दिली होती. दुसऱ्या ठिकाणी त्या भुलीच्या जोडीला चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना मॅक्सिलरी नर्व्ह ब्लॉक दिला, म्हणजे वरच्या जबड्याच्या आणि नाकाच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या मुख्य नसेभोवती बधिर करणारे औषध सोडले. दोन्ही रुग्णालयांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण पहिल्या ठिकाणच्या डॉक्टरांविषयी माझ्या मनात किल्मिष नाही. मला लिहायचे आहे ते दुसऱ्या ठिकाणच्या भूल विभागाविषयी, आणि तेही मुख्यतः त्या एका इंजेक्शनाविषयी.

भैरू सात वर्षांचा, चोवीस किलो वजनाचा, लांब मुस्कटाचा संमिश्र जातीचा कुत्रा आहे. त्याच्या उजव्या नाकपुडीतून आधी शेंबडासारखा आणि पुढे रक्तमिश्रित स्राव येऊ लागला. शिंका आल्या की भिंतीवर लाल ठिपके उडत. नाकपुडीच्या कडेचा काळा रंग जाऊन तेथे फिकट गुलाबी पट्टा दिसू लागला, आणि जो कुत्रा मुस्कट मांडीवर टेकवून तासन् तास पडून राहत असे तो नाकाजवळ हात नेताच तोंड फिरवू लागला. प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाल्यावर नाकात दुर्बीण घालून पाहावे आणि तुकडा तपासणीला पाठवावा, असे ठरले.

पहिली तपासणी अर्ध्यावर सोडून द्यावी लागली. भूल चढली आहे, श्वासनलिकेत नळी आहे, डोळ्यांची उघडझाप थांबली आहे, अशा अवस्थेतही दुर्बीण नाकात दोन बोटे आत जाताच भैरू शिंकला, मग पुन्हा शिंकला आणि नंतर त्याने मान झटकली. नाकाचे अस्तर हे कुत्र्याच्या शरीरातील अतिशय संवेदनशील भागांपैकी एक आहे आणि शिंकेची प्रतिक्षिप्त क्रिया बऱ्यापैकी खोल भुलीतही टिकून राहते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. शिंक दाबण्यासाठी भूल वाढवणे एवढा एकच उपाय त्या टेबलाजवळ उपलब्ध होता. आयसोफ्लुरेनचा आकडा ३ टक्क्यांपर्यंत नेला गेला. या वायूने कुत्र्याची जाणीव हरपते, परंतु वेदनेचा संदेश नसेतून मेंदूच्या मुळापर्यंत पोहोचायचा थांबत नाही. उलट वायूचे प्रमाण वाढले की रक्तवाहिन्या सैलावतात, हृदयाचा जोर कमी होतो आणि रक्तदाब उतरतो. भैरूचा सरासरी रक्तदाब ५२ पर्यंत खाली आला. तो ६० च्या खाली राहिला तर मूत्रपिंडांसह इतर अवयवांना रक्त अपुरे पडू लागते, म्हणून डॉक्टरांनी काम थांबवले, आणि माझ्या मते त्यांचा तो निर्णय अगदी योग्य होता. घाईत काढलेले दोन छोटे तुकडे प्रयोगशाळेत गेले आणि ‘नमुना अपुरा, केवळ रक्त व दाह’ असा शेरा घेऊन परत आले.

हे सगळे मला इतक्या तपशिलाने सांगता येते, कारण मी भूलपत्रकाची प्रत मागून घेतली होती. भूल दिलेल्या प्राण्याच्या नाडीची, श्वासाची, रक्तदाबाची आणि वायूच्या प्रमाणाची दर पाच मिनिटांनी नोंद करण्याचा तो कागद असतो. सामान्यतः कोणी तो मागत नाही. पण मागितला तर मिळतो, आणि पुढे दुसऱ्या डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो. दुसऱ्या रुग्णालयातील भूलतज्ज्ञ डॉक्टरांनी तो माझ्या हातून घेतला, नीट वाचला आणि पहिला प्रश्न विचारला, “यात ब्लॉकची नोंद दिसत नाही, दिला होता का, हे तुम्हाला कोणी सांगितले होते का?” कोणीच काही सांगितले नव्हते. मला मुळात तो शब्दच नवा होता.

येथून दुसऱ्या ठिकाणची सेवा सुरू होते आणि तिचा सर्वांत चांगला भागही येथेच आहे. भूलतज्ज्ञ बाईंनी तपासणीच्या आदल्या दिवशी आम्हाला वीस मिनिटे दिली आणि भैरूच्याच मुस्कटावर बोट ठेवून समजावून सांगितले. चेहऱ्याची संवेदना ट्रायजेमिनल नावाच्या पाचव्या मेंदूनसेकडून येते. तिची एक मोठी शाखा म्हणजे मॅक्सिलरी नर्व्ह. ही नस कवटीतून बाहेर पडून डोळ्याच्या खालच्या अंगाने, टेरिगोपॅलटाइन फॉसा नावाच्या खळग्यातून पुढे येते आणि मग वरच्या जबड्याच्या हाडातील बोगद्यात शिरते. बोगद्यात शिरण्यापूर्वीच तिच्यापासून नाकाच्या मागच्या भागाकडे आणि टाळूकडे जाणारे फाटे फुटतात. बोगद्यात शिरल्यावर तिचे नाव इन्फ्राऑर्बिटल होते, आणि वरच्या तिसऱ्या उपदाढेच्या वर, बोटाला स्पष्ट लागणाऱ्या एका छिद्रातून ती बाहेर पडून ओठ, नाकपुडी आणि मुस्कटाच्या पुढच्या भागात पसरते.

एवढे कळले की पुढचा मुद्दा आपोआप उलगडतो. बाहेरच्या छिद्राशी औषध सोडले, म्हणजेच इन्फ्राऑर्बिटल ब्लॉक दिला, तर ओठ आणि नाकपुडीचा पुढचा भाग बधिर होतो. मात्र नाकाच्या मागच्या भागाचे फाटे आधीच फुटून गेलेले असल्यामुळे तेथील संवेदना जशीच्या तशी राहू शकते. दुर्बीण तर जाते ती नेमकी तेथेच. त्यामुळे नाकाच्या कामासाठी औषध त्या फाट्यांच्या मुळाशी, म्हणजे बोगद्याच्या मागच्या तोंडाशी असलेल्या खळग्यात पोहोचायला हवे. इन्फ्राऑर्बिटल आणि मॅक्सिलरी अशा दोन्ही ब्लॉकांची नाकाच्या दुर्बीण तपासणीत तुलना करणारा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला होता आणि नाकाच्या मागच्या भागाच्या तपासणीत मॅक्सिलरी ब्लॉक अधिक प्रभावी ठरला होता, असेही बाईंनी सांगितले. यावरून माझा असा ग्रह झाला आहे, की ‘ब्लॉक देता का’ या प्रश्नाला मिळणारे ‘हो’ हे उत्तर अपुरे असते. कोणता देता, औषध कुठे सोडता आणि दोन्ही बाजूंना देता का, हे विचारल्याशिवाय त्या होकाराला अर्थ येत नाही. भैरूचा आजार उजव्या बाजूला होता, पण तुलनेसाठी डावी बाजूही पाहायची होती, म्हणून ब्लॉक दोन्हीकडे द्यायचे ठरले.

त्या खळग्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग अनेक आहेत. गालाच्या कमानी हाडाच्या खालून त्वचेतून काटकोनात सुई नेता येते. बाहेरच्या छिद्रातून मऊ कॅथेटर बोगद्यात आत सरकवून त्यातून औषध सोडता येते. तोंड उघडून शेवटच्या दाढेच्या मागूनही जाता येते. शेवटच्या मार्गात सुईचे टोक वरच्या दिशेने डोळ्याकडे जाते आणि नेत्रगोलाला इजा होण्याचा धोका असतो, विशेषतः लहान चणीच्या आणि चपट्या नाकाच्या कुत्र्यांत, कारण त्यांचा बोगदा आखूड असतो आणि डोळा फार दूर नसतो. भैरूचे मुस्कट लांब असल्यामुळे गालाच्या कमानीखालचा मार्ग निवडला गेला. हा निर्णय कुत्रा पाहून घेतला गेला होता, ठरीव साच्याप्रमाणे नव्हे, हे मला विशेष आवडले.

औषध बुपिवाकेन ०.५ टक्के. मात्रेचा हिशेब बाईंनी माझ्यासमोर मांडला आणि मी तो येथे देत आहे, कारण ‘बधिर करणारे इंजेक्शन म्हणजे निरुपद्रवी’ हा आपला समज त्यामुळे दूर होतो. ०.५ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये ५ मिलिग्रॅम औषध असते. कुत्र्यासाठी वरची मर्यादा दर किलोला २ मिलिग्रॅम धरतात, म्हणजे चोवीस किलोच्या भैरूसाठी सर्व जागा मिळून ४८ मिलिग्रॅम. प्रत्यक्षात प्रत्येक बाजूला दीड मिलिलिटर, म्हणजे एकूण १५ मिलिग्रॅम औषध दिले गेले. मर्यादेपासून इतके अंतर राखण्याचे कारण असे, की बुपिवाकेन रक्तात अधिक प्रमाणात गेले तर हृदयाची लय बिघडवते आणि ते शिरेत जाणे तर सर्वस्वी वर्ज्य आहे. त्या खळग्यात मॅक्सिलरी धमनी नसेच्या शेजारूनच जाते. म्हणून सुई पोहोचल्यावर दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना, हे पाहायचे आणि मगच औषध सावकाश सोडायचे. अपघात झालाच तर वापरायचे २० टक्क्यांचे स्निग्ध द्रावण त्यांच्या भूलकक्षात हाताशी ठेवलेले असते, हेही त्यांनी आपणहून सांगितले. लिडोकेन का नको, असे मी विचारले. त्याचा परिणाम पाच-दहा मिनिटांत सुरू होतो, पण तास-दोन तासांत ओसरतो. बुपिवाकेन पंधरा-वीस मिनिटे घेते, पण चार ते सहा तास टिकते, म्हणजे कुत्रा शुद्धीवर येऊन स्थिरावेपर्यंत त्याचा आधार राहतो, असे उत्तर मिळाले.

तपासणीच्या दिवशी आधी सीटी स्कॅन झाला. दुर्बीण घातल्यावर रक्तस्राव होतो आणि मग स्कॅनमध्ये रक्त कोणते व आजार कोणता हे सांगणे अवघड जाते, म्हणून हाच क्रम योग्य. नाक आणि मेंदू यांच्यामधील चाळणीसारखे हाड शाबूत आहे, हेही त्यातच कळते. रक्त गोठण्याची चाचणी आणि बिंबाणूंची गणना आदल्या दिवशीच झाली होती. स्कॅननंतर ब्लॉक दिला गेला आणि औषध मुरायला लागणारी पंधरा-वीस मिनिटे वाया न घालवता त्या वेळात डॉक्टरांनी वरच्या दातांची मुळे तपासली, कारण दाताच्या मुळाशी झालेला पूही नाकावाटे वाहू शकतो. मग घशात मोजून जाळीच्या पट्ट्या भरल्या, जेणेकरून रक्त आणि सलाइन श्वासनलिकेकडे उतरू नये. चिमट्यावर नाकपुडीपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर मोजून चिकटपट्टीची खूण केली, कारण त्या खुणेपलीकडे चिमटा गेला तर पुढे मेंदू आहे.

आता दुसरे भूलपत्रक. दुर्बीण नाकात गेल्याची वेळ त्यावर नोंदलेली आहे आणि त्या वेळेच्या आधीचा व नंतरचा रकाना जवळपास सारखाच आहे. नाडी मिनिटाला ८४ वरून ८८ झाली, श्वासाचा वेग तोच राहिला, आयसोफ्लुरेन १.४ टक्क्यांवर होते आणि तेथेच राहिले, सरासरी रक्तदाब ७२ ते ८० यांच्या दरम्यान फिरत राहिला. पहिल्या पत्रकावर याच जागी आकडे खोडून पुन्हा लिहिलेले आहेत आणि समासात ‘शिंक’, ‘शिंक’, ‘मान हलवली’ अशा नोंदी आहेत. दोन्ही कागद मी टेबलावर शेजारी ठेवून पाहिले तेव्हा वैद्यकशास्त्राचे काहीही न शिकलेल्या माझ्यासारख्या माणसालाही फरक कळायला क्षणभर पुरला. सर्व श्रेय ब्लॉकला देणे मात्र अन्यायाचे होईल. दुसऱ्या ठिकाणी पूर्वभुलीत, म्हणजे भुलीआधी द्यायच्या औषधांत, मेथाडोन हे तीव्र वेदनाशामक होते, पहिल्या ठिकाणी त्याहून सौम्य औषध होते, आणि दुसऱ्या ठिकाणी केवळ भूल सांभाळणारी एक व्यक्ती टेबलाच्या डोक्याशी पूर्णवेळ उभी होती. तरीही चिमट्याने सहा तुकडे काढले जात असताना वायूचा आकडा जागचा हलला नाही, याचे स्पष्टीकरण मला तरी त्या दोन सुयांखेरीज दुसरे सापडत नाही.

पत्रकावर एकच उंचवटा आहे आणि त्याची कल्पना आम्हाला आदल्या दिवशीच दिली होती. नाकाच्या वरच्या व मागच्या भागाला आणि मधल्या पडद्याच्या काही भागाला एथमॉइडल नावाची दुसरी नस संवेदना पुरवते. ती ट्रायजेमिनलच्याच, पण डोळ्याकडे जाणाऱ्या शाखेतून येते, म्हणून मॅक्सिलरी ब्लॉकच्या कक्षेबाहेर राहते. दुर्बीण त्या छताजवळ गेली तेव्हा भैरूची नाडी ११० वर गेली आणि त्याने एकदा नाक आक्रसले. शिरेतून फेंटानिल या वेदनाशामकाचा छोटा डोस दिल्यावर दोन मिनिटांत सारे स्थिर झाले. ‘ब्लॉक दिला की काहीच जाणवणार नाही’ असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यांनी नाकाच्या नसा पुन्हा एकदा पाहाव्यात. येथे ती मर्यादा आधी सांगितली गेली आणि तिच्यासाठीचे औषध सिरिंजमध्ये भरून तयार होते. माझ्या लेखी सेवेचा दर्जा ठरतो तो अशा ठिकाणी.

शुद्धीवर येण्यातला फरक तर कागदाशिवायही दिसला. पहिल्या वेळी भैरू रडत, पंजाने नाक घासत आणि रक्त शिंकत जागा झाला होता, आणि तो आवाज मला बाहेरच्या खोलीत ऐकू येत होता. या वेळी तो डोळे उघडून बराच वेळ नुसता पडून राहिला, मग उठून बसला आणि शेपटी हलवली. नाकातून थेंब थेंब रक्त येत होते, जे दिवस-दोन दिवस यायचेच असते, पण त्याने पंजा नाकाकडे नेला नाही.

आता तक्रारी. घरी पाठवताना दिलेल्या छापील सूचनापत्रात रक्तस्राव, विश्रांती, मऊ अन्न, गळपट्ट्याऐवजी छातीचा पट्टा, हे सारे होते. पण वरचा ओठ काही तास बधिर राहील आणि त्यामुळे कुत्रा ओठ चावून घेऊ शकतो, हे मात्र नव्हते. घरी आल्यावर भैरूने खाण्याच्या गडबडीत ओठाची आतली कड दातांखाली घेतली आणि त्याला ते कळलेही नाही. रक्त नाकाचे की तोंडाचे हे समजायला आम्हाला अर्धा तास लागला. जखम क्षुल्लक होती, पण ज्या विभागाने खळग्यातील धमनीपर्यंत सारे समजावून सांगितले, त्याने ओठाबद्दल एक वाक्य लिहू नये याचे नवल वाटते. बधिरपणा ओसरेपर्यंत खायला न देणे आणि कडक खेळणी दूर ठेवणे, एवढेच तर सांगायचे होते. दुसरी तक्रार संमतीपत्राची. त्यात ब्लॉकचा उल्लेख ‘स्थानिक भूल, गरजेनुसार’ एवढाच होता आणि रक्ताची गाठ होणे, डोळ्यामागे रक्तस्राव होणे, नसेला इजा होणे या शक्यता फक्त तोंडी सांगितल्या गेल्या. तोंडी सांगणारी व्यक्ती रजेवर असेल त्या दिवशी येणाऱ्या माणसाला त्या कळणार कशा?

सहाही तुकड्यांतून निदान झाले. ॲस्परजिलस बुरशी निघाली, आणि दुर्बिणीतून दिसलेले राखाडी-पांढरे चट्टे तिचेच होते. नाकपुडीचा उडालेला रंग आणि मुस्कटाचे दुखणे यांचा अर्थ तेव्हा लागला. चाळणीचे हाड शाबूत असल्यामुळे नाकात १ टक्का क्लोट्रिमाझोल तासभर भरून ठेवण्याचा उपचार करता आला. नाकपुड्या फुग्याच्या नळ्यांनी बंद करून, दर पंधरा मिनिटांनी कुत्र्याची कूस बदलत हे औषध नाकाच्या सर्व कप्प्यांत पोहोचवतात. बुरशीचे थर आधी खरवडून काढावे लागतात, आणि ते काम दुर्बिणीपेक्षाही अधिक टोचणारे असते. त्यामुळे त्या दिवशीही दोन्ही बाजूंना ब्लॉक दिला गेला. तिसरे भूलपत्रक दुसऱ्यासारखेच नीरस आहे, आणि भूलपत्रकाबद्दल याहून चांगले काही म्हणता येईल असे मला वाटत नाही.

पाचपैकी साडेचार तारे देतो. अर्धा तारा सूचनापत्रासाठी कापला आहे. उपचारानंतर मिळालेल्या कागदावरही ओठाविषयीची ओळ छापलेली नव्हती; मी दाखवून दिल्यावर काउंटरवरील सहाय्यक ताईंनी ती पेनाने लिहून दिली आणि खाली वेळही टाकली: सायंकाळी सात वाजेपर्यंत खायला देऊ नये.